वडिलांची मोटारसायकल पुन्हा चालती करताना

नमस्कार. माझ्या मागे दिसते आहे ती मोटारसायकल माझ्या वडिलांची आहे. ते गेल्यानंतर ती बारा वर्षे ताडपत्रीखाली उभी होती, आणि तिचा पहिला नट सैल करण्यापूर्वी मी पूर्ण एक दिवस केवळ तिची छायाचित्रे काढली. टाकीच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या गुडघ्यांनी रंग घासला गेला आहे, किकच्या दांड्यावरचे रबर एका कडेने झिजले आहे, आणि या खुणांमुळेच ही गाडी मला त्यांची वाटते. म्हणून तुमच्याकडेही कुणा आपल्या माणसाची गाडी असेल, तर तिच्यात त्या माणसाचे काय उरले आहे हे पाना हाती घेण्याआधी ठरवा. मूळ रंग एकदा खरवडला की तो पुन्हा मिळत नाही.

आता इंजिन. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला लगेच किक मारून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि नेमका तोच आवरायला हवा, कारण सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असेल तर पिस्टनभोवतीच्या कोरड्या रिंगा त्यावर घासून ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून गंजात मुरणारे पातळ तेल सोडा आणि काही दिवस थांबा. त्यानंतर गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे हलवा. तरीही पिस्टन हलला नाही, तर जोर न लावता इंजिन उघडावे.

गाडी टू-स्ट्रोक असेल, म्हणजे तिच्या इंजिनात पेट्रोलसोबत तेलही जळत असेल, तर क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही टोकांची ऑइल सील (गळती रोखणारी रबरी कडी) बदलल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नये, असे माझे ठाम मत आहे. ही सील कालांतराने कडक होतात, त्यांच्या कडेने बाहेरची हवा आत शिरते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणातले पेट्रोल आणि त्यासोबत येणारे तेलही कमी पडते, आणि पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. गंमत अशी की त्याआधी गाडी काही काळ नेहमीपेक्षा चपळ वाटू शकते, त्यामुळे धोका लक्षातच येत नाही.

टाकीतला गंज काढण्यासाठी मी सायट्रिक आम्लाचे द्रावण वापरले. ते बाहेरच्या रंगावर ओघळू नये म्हणून तोंडाभोवती नीट आच्छादन केले, कारण गुडघ्यांचे ते डाग मला जपायचे होते. द्रावण काढून टाकी धुतल्यावर ती ताबडतोब वाळवावी लागते, नाहीतर उघड्या पत्र्यावर काही मिनिटांतच नवा गंज धरू लागतो. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी नळीत, लोखंडी तार मात्र कधीही घालू नका. पितळ मऊ असते, छिद्र किंचित जरी मोठे झाले तरी मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

वायरिंग सोडवताना प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधा, एवढे पुरे.

ब्रेक आणि टायर यांच्या बाबतीत भावनेला जागा देऊ नये. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा संकेत असतो. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील, तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे आणि त्याची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो बदलायलाच हवा. जुन्या ब्रेक शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. ती ओली करून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

मला सर्वांत अवघड गेली ती हँडलची मूठ. उजव्या मुठीचे रबर त्यांच्या तळहाताने अगदी गुळगुळीत झाले होते, परंतु ते थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवण्यासाठी पिळायच्या, नळीवर सरकत होते, आणि हातातून निसटणारा थ्रॉटल घेऊन कुणीही रस्त्यावर जाऊ नये. रबर कापायचे नव्हते, म्हणून गरम पाण्याने ते मऊ केले, कडेने साबणाचे पाणी सोडले आणि अर्धा तास हळूहळू फिरवत ते अखंड बाहेर काढले. आता गाडीवर नवी मूठ आहे, आणि जुनी या डबीत आहे.