चार ऑक्टोबर: गायब झालेले दहा दिवस आणि एक बीप बीप

नमस्कार बालदोस्तांनो, आवाज येतोय ना नीट? जरा रेडिओजवळ सरका, आणि ज्यांच्या हातात मोबाईल आहे त्यांनी तो थोडा वेळ उलटा करून ठेवा, कारण आज आहे ४ ऑक्टोबर आणि या एका तारखेबद्दल माझ्याकडे इतकं काय काय जमलंय की कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

बरं, आधी एक प्रश्न विचारते. वाढदिवस म्हणजे काय? फुगे आणि गिफ्ट सोडून सांगायचं हं. माझ्या भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी एक वर्षाने मोठा झालो." बरोबर आहे, पण वर्ष म्हणजे काय रे? तर पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी मारते ते वर्ष. म्हणजे तू दहा वर्षांचा झालास याचा अर्थ पृथ्वीवर बसल्या बसल्या सूर्याला दहा चकरा मारून आलास, आणि एकेक चकर थोडीथोडकी नाही, साधारण ९४ कोटी किलोमीटरची. एवढा प्रवास झाला आणि तुला घाम पण नाही आला! आज ज्यांचा ज्यांचा वाढदिवस आहे त्या सगळ्यांना या लांबलचक चकरेबद्दल खूप खूप शुभेच्छा.

आता गंमत अशी की पृथ्वी काही आपल्या कॅलेंडरकडे बघून फिरत नाही. तिची फेरी बरोब्बर ३६५ दिवसांत पूर्ण होत नाही, वर पावणेसहा तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. फार जुन्या काळी रोममध्ये ज्युलियस सीझरने कॅलेंडर नीट करून घेतलं तेव्हा असं ठरलं की वर सहा तास धरायचे, म्हणजे चार वर्षांत चोवीस तास, म्हणजे दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्तीचा, झालं लीप वर्ष. हिशोब मस्त होता, पण त्यात दरवर्षी सुमारे ११ मिनिटं जास्तीची धरली गेली. अकरा मिनिटांनी काय होतंय, असं वाटतं ना? पण ती दरवर्षी साठत गेली, साठत गेली आणि सव्वाशे-एक वर्षांत अख्खा एक दिवस मागे पडायला लागला. मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे असतात तो दिवस इ.स. ३२५ च्या सुमाराला २१ मार्चला यायचा, तो सोळाव्या शतकात ११ मार्चला यायला लागला. ईस्टरचा सण त्या दिवसावरून ठरवतात, त्यामुळे चर्चची मोठी पंचाईत झाली.

मग १५८२ साली चर्चचे प्रमुख, पोप तेरावे ग्रेगरी यांनी हुकूम काढला. डोकं मात्र त्यांचं नव्हतं हं, हिशोब करून ठेवला होता इटलीतल्या अलॉयसियस लिलियस नावाच्या एका डॉक्टरने, आणि तो तपासून पुढे रेटला क्रिस्टोफर क्लेव्हियस नावाच्या गणितज्ञाने. हुकूम काय? तर दहा दिवस उडवून टाका! गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ ला लोक रात्री झोपले आणि सकाळी उठले तर शुक्रवारच होता, पण तारीख होती १५ ऑक्टोबर.

हे मी भाच्याला सांगितलं तर त्याचा चेहराच पडला. म्हणतो, "मग ज्यांचा वाढदिवस १० ऑक्टोबरला होता त्यांचं काय?" मला हा प्रश्न सुचलाच नव्हता हो! इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड इथे हुकूम लगेच लागू झाला, म्हणजे तिथे त्या वर्षी १० ऑक्टोबर आलाच नाही. ५ पासून १४ पर्यंतच्या सगळ्या तारखा गुल. वय मात्र वाढलंच असणार, कारण पृथ्वीने आपली फेरी काही थांबवली नव्हती, आपण फक्त कागदावरचे आकडे सरकवले. स्पेनमधल्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या, ४ ऑक्टोबरच्या, आणि उजाडलं ते १५ ला. त्यांचा स्मृतिदिन आजही १५ ऑक्टोबरला पाळतात.

पण सगळ्या देशांनी ऐकलं असं समजू नका. इंग्लंड पुढची १७० वर्षं अडून बसलं, तोपर्यंत फरक अकरा दिवसांचा झाला, मग १७५२ मध्ये त्यांनी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणला. रशिया तर १९१८ पर्यंत थांबला आणि तिथे ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी उगवला. म्हणून तर रशियातली 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या आजच्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबरात येते. परत घोळ होऊ नये म्हणून नवा नियम केला, की १७००, १८००, १९०० अशी शंभरावर संपणारी वर्षं लीप धरायची नाहीत, पण ४०० ने भाग जात असेल तर धरायची. म्हणून २००० लीप होतं आणि २१०० नसणार. तुमच्यातले काही जण तेव्हा असतील, आजी-आजोबा झालेले असतील, तेव्हा नातवंडांना सांगा की हे आम्हाला आधीच माहीत होतं.

चला, आता रशियाचं नाव निघालंच आहे तर... थांबा, आधी ऐका.

बीप... बीप... बीप... बीप...

हा आवाज मी तोंडाने काढला, हसू नका. १९५७ साली याच तारखेला असा आवाज आकाशातून आला आणि जगभरात ज्यांच्याकडे चांगला शॉर्टवेव्ह रेडिओ होता त्यांनी तो घरबसल्या ऐकला. स्पुटनिक! माणसाने बनवलेला पहिला उपग्रह, सोव्हिएत युनियनचा, म्हणजे रशिया आणि शेजारचे काही देश मिळून तेव्हा जो एक मोठा देश होता त्याचा. स्पुटनिक या रशियन शब्दाचा अर्थ सहप्रवासी, सोबत चालणारा. किती मोठा असेल? दोन्ही हात पसरून कवेत धरता येईल एवढा, ५८ सेंटीमीटरचा चकचकीत गोळा, वजन ८३.६ किलो आणि मागे मांजराच्या मिशांसारख्या चार लांब अँटेना. आत कॅमेरा नाही की काही नाही, मुख्य सामान म्हणजे बॅटऱ्या आणि एक रेडिओ ट्रान्समीटर. मी रेडिओवर बोलते म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक आहे हे मान्य, पण विचार करा ना, माणसाने पृथ्वीभोवती फिरायला पहिली वस्तू पाठवली ती काय, तर एक छोटंसं रेडिओ स्टेशन, आणि कार्यक्रम एकच, बीप बीप.

पृथ्वीभोवती एक फेरी मारायला त्याला लागायची फक्त ९६ मिनिटं. आपण सूर्याभोवती एक चकर मारायला वर्षभर घेतो आणि हा पठ्ठ्या दिवसाला पृथ्वीला पंधरा चकरा मारत होता. हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या मुख्य इंजिनियरचं नाव सर्गेई कोरोलेव्ह, पण त्यांचं नाव सरकारने इतकं गुपित ठेवलं होतं की ते हयात असताना जगाला ते कळलंच नाही.

आणि तारखेची आणखी एक गंमत. रॉकेट उडालं तेव्हा मॉस्कोत रात्रीचे साडेदहा वाजायला आले होते, तारीख ४. पण ते जिथून उडालं, म्हणजे आजच्या कझाकस्तानातलं बायकोनूर, तिथल्या स्थानिक वेळेप्रमाणे मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे तारीख ५! तरी सगळं जग ४ ऑक्टोबरच म्हणतं.

आता एक भारी गोष्ट सांगते, ही मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख असे दोन तरुण शास्त्रज्ञ होते, त्यांनी उत्सुकता म्हणून तो बीप बीप पकडून रेकॉर्ड करायला सुरुवात केली. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे असताना एखादी गाडी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा वाटतो, आणि पुढे निघून गेली की एकदम खाली उतरतो, हो की नाही? ईईईई-ऊऊऊ असा. स्पुटनिकच्या रेडिओलहरींचं पण तसंच होत होतं, जवळ येताना थोड्या चढ्या, लांब जाताना थोड्या उतरत्या. त्या चढउतारावरून या दोघांनी तो आकाशात कुठल्या वाटेने जातोय हे शोधून काढलं, जमिनीवर एका जागी बसून! मग काही महिन्यांनी त्यांचे साहेब फ्रँक मॅक्लुअर यांनी विचारलं की बाबांनो, हे उलटं करता येईल का? म्हणजे उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल तर जमिनीवरचा किंवा समुद्रातला माणूस कुठे आहे ते कळेल का? कळेल की! त्यातूनच जहाजांना आणि पाणबुड्यांना रस्ता दाखवणारे उपग्रह आले आणि पुढे जीपीएस आलं. मघाशी उलटा करून ठेवलेल्या मोबाईलमध्ये मॅपवर जो निळा ठिपका दिसतो ना, त्या ठिपक्याचा पणजोबा म्हणजे हा बीप बीप.

स्पुटनिकच्या बॅटऱ्या तीन आठवडे टिकल्या, मग तो गप्प झाला, पण फिरत होताच, आणि ४ जानेवारी १९५८ ला वातावरणात शिरून जळून गेला. तोपर्यंत त्याच्या साधारण १४४० फेऱ्या झाल्या होत्या.

बरोबर दोन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५९ ला, सोव्हिएत युनियननेच ल्यूना-३ नावाचं यान सोडलं, चंद्राला वळसा घालायला. का? तर चंद्राची पाठ बघायला. हो, चंद्राची पलीकडची बाजू तोवर एकाही माणसाने पाहिली नव्हती. यानाने ७ तारखेला २९ फोटो काढले, आणि तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे, फिल्म धुवावी लागायची, तर यानाने ती फिल्म आतल्या आत, अंतराळातच धुतली, वाळवली आणि रेडिओवरून चित्रं खाली पाठवली! फोटो धुरकट होते, पण तेवढ्यावरून कळलं की पलीकडे मोठे काळे डाग फारच कमी आहेत.

चंद्र आपल्याला पाठ का दाखवत नाही हे कळत नसेल तर आत्ताच एक करून बघा. खोलीच्या मध्ये खुर्ची ठेवा, त्यावर कुणाला तरी बसवा. आता खुर्चीकडेच तोंड ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारा. खुर्चीवरचा नुसती मान वळवून बघतोय, त्याला तुमची पाठ एकदाही दिसली नाही. पण तुमचं तोंड मात्र एकेक करून चारही भिंतींकडे झालं, म्हणजे चक्कर मारता मारता तुम्ही स्वतःभोवतीसुद्धा एकदा फिरलात. चंद्र असाच आहे, दोन्ही फेऱ्यांना सारखाच वेळ, सत्तावीस दिवस आणि वर थोडा. (धडपडू नका म्हणजे झालं.)

बरं, वाढदिवस राहिलेच की! आजच्या दिवशी १८९५ मध्ये अमेरिकेत बस्टर कीटन जन्मला, मूकपटांच्या जमान्यातला विनोदी नट. आईवडील गावोगावी फिरून स्टेजवर काम करायचे, हा अगदी लहानपणापासून त्यांच्याबरोबर स्टेजवर उड्या मारायचा. याची खासियत काय, तर लोक हसून हसून बेजार आणि हा मात्र दगडासारखा गंभीर, चेहऱ्यावर एक रेघ हलायची नाही. १९२८ च्या एका सिनेमात वादळात घराची पुढची अख्खी भिंत याच्या अंगावर कोसळते, आणि हा नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो. ती भिंत खरीखुरी जड होती, कॉम्प्युटरची जादू तेव्हा नव्हतीच, आणि तो उभा होता त्या जागेपासून थोडा जरी सरकला असता तरी संपलं होतं सगळं. हे घरी करून बघायचं नाही, आधीच सांगते.

कॉम्प्युटर म्हटलं तर १९०३ मध्ये जॉन अटॅनासॉफ पण याच दिवशी जन्मले, ज्यांनी क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला हाताशी धरून इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक बनवलं, त्या दोघांच्या नावावरून त्याला एबीसी म्हणतात. आणि स्पुटनिकच्या आधी बरोबर शंभर वर्षं, ४ ऑक्टोबर १८५७ ला, श्यामजी कृष्णवर्मा जन्मले, लंडनमध्ये इंडिया हाऊस सुरू करणारे, जिथे राहून कितीतरी तरुणांनी स्वातंत्र्यासाठी काम केलं.

वेगाची आवड असलेल्यांसाठी पटकन दोन गोष्टी. १८८३ मध्ये आजच्याच दिवशी पॅरिसहून ओरिएंट एक्सप्रेस निघाली, इस्तंबूलकडे, पण पूर्ण रस्त्यावर रूळच नव्हते, त्यामुळे लोक ट्रेनमधून उतरून होडीने डॅन्यूब नदी ओलांडायचे, मग दुसरी ट्रेन आणि मग बोट! आणि नेमकी शंभर वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९८३ ला, रिचर्ड नोबलने अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात थ्रस्ट-२ ही जेट इंजिनाची गाडी ताशी १०१९ किलोमीटरने पळवून जमिनीवरच्या वेगाचा नवा विक्रम केला. ते इंजिन लढाऊ विमानाचं होतं, गाडी म्हणायचं ते चाकं होती म्हणून.

आज जागतिक प्राणी दिन पण आहे, तर तुमच्याकडे कुत्रा-मांजर जे काही असेल त्याला माझा नमस्कार सांगा. आणि आजपासून १० ऑक्टोबरपर्यंत जागतिक अंतराळ सप्ताह असतो, त्याची सुरुवात ४ तारखेला का, ते आता तुम्हीच घरच्यांना सांगा.

समोरून हात दाखवतायत, वेळ संपली. तर उद्या ५ ऑक्टोबरला याच वेळेला भेटू. १५८२ साल असतं तर मात्र उद्या तारीख १५ असती, आणि माझी दहा दिवसांची स्क्रिप्ट वाया गेली असती. बीप बीप!