रॉकेट कोसळलं, तर प्लुटोनियमचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

शनीजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीवरच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढाच उरतो. म्हणून दूर जाणाऱ्या यानांना प्लुटोनियम-238 हा किरणोत्सारी धातू सोबत द्यावा लागतो. ही अणुभट्टी नव्हे. हा धातू आपोआप क्षय पावत तापत राहतो आणि त्या उष्णतेची वीज करतात. 1977 सालची व्हॉयेजर यानं याच विजेवर इतकी वर्षं टिकली.

पण रॉकेटं फुटतात. मग?

21 एप्रिल 1964 रोजी अमेरिकेचा एक ट्रान्झिट उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. त्यातलं जवळपास एक किलो प्लुटोनियम वातावरणात उंचावर जळून जगभर पसरलं. मला सर्वांत अस्वस्थ करतं ते हे, की रॉकेट फसलं तरी ऊर्जास्रोताची यंत्रणा बिघडली नव्हती. अपघात झाला तर इंधन वरच जळून विरळ व्हावं, अशीच तिची रचना होती! यानंतर धोरण पालटलं : काहीही होवो, इंधन बंदिस्तच राहिलं पाहिजे.

कारण खरा धोका धुळीचा आहे. प्लुटोनियमचे अल्फा कण त्वचा भेदू शकत नाहीत, पण बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली की कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून आता इंधन धातूच्या रूपात नसतं, तर ऑक्साइडच्या सिरॅमिक गोळीच्या रूपात असतं. एक गोळी सुमारे दीडशे ग्रॅमची. ती फुटली तरी शक्यतो मोठेच तुकडे व्हावेत आणि पाण्यात फारशी विरघळू नये, अशी बनवलेली. तिच्यावर इरिडियमचं कवच. हा धातू 2400 अंश सेल्सियसच्या वर वितळतो. त्याबाहेर आघात सोसणारं ग्रॅफाइट आणि सर्वांत बाहेर वातावरणात परतताना जळू न देणारं कार्बनचं आवरण.

1968 साली निंबस उपग्रहाचं रॉकेट उड्डाणानंतर लगेच नष्ट करावं लागलं. त्याचे ऊर्जास्रोत कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रतळावरून शाबूत काढले आणि ते इंधन पुन्हा वापरलं. अपोलो 13चा स्रोत 1970 पासून प्रशांत महासागरात खोल पडून आहे. गळतीची खूण आढळली नाही.

1997 साली कॅसिनी यान सुमारे 33 किलो प्लुटोनियम घेऊन निघालं, तेव्हा निदर्शनं झाली. लोकांची भीती मला रास्तच वाटते, कारण धोका उड्डाणापुरता नव्हता. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून वेग मिळवण्यासाठी हे यान पुन्हा पृथ्वीजवळून जाणार होतं. म्हणून मार्ग मुद्दाम पृथ्वीपासून दूर ठेवला होता आणि भेट जवळ आल्यावरच तो नेमका जुळवला. 18 ऑगस्ट 1999 रोजी कॅसिनी सुमारे 1,170 किलोमीटरवरून सुखरूप गेलं आणि गुरूच्या वाटेला लागलं.