खिचडी शाळेत, लेकरू फडात

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेची किचन शेड, चूल पेटलेली)

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ह्या भागात, शाळेतल्या चुलीवरचं पातेलं लहान व्हायला लागतं. हिशोब सरळ आहे, पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. चौथीपर्यंतच्या शाळेत साठ लेकरं आली तर सहा किलो शिजणार, पस्तीसच आली तर साडेतीन. स्वयंपाकीण मावशीला हजेरीचं रजिस्टर बघायची गरजच नसते, सकाळी मास्तर तांदूळ किती मोजून देतात त्यावरून तिला कळतं की आज अजून एक टोळी गेली.

टोळी म्हणजे ऊसतोडीची. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, आणि मग ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, शेळी आणि लेकरं असं सगळं सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटकात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. नाव शाळेच्या पटावर, तांदूळ शाळेच्या कोठीत, आणि ज्याच्यासाठी तो आलाय ते पोरगं उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतंय.

थोडं मागं जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या पोषण आहाराची ही योजना देशात सुरू झाली तेव्हा आपल्याकडं शिजवलेलं काही मिळत नव्हतं, महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. ते तांदूळ घरी गेले की सगळ्या घराचे होतात, त्यात चूक कोणाची नाही. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिजवूनच द्या, तिथून पुढं शाळेत चुली आल्या. कागदावर नियम असा की पाचवीपर्यंतच्या लेकराच्या पोटात दुपारी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन गेलं पाहिजे.

(दृश्य: मोड आलेली मटकी, पातेल्यात पळी फिरतेय)

आता ही मटकी बघा. काल भिजत घातली, रात्री फडक्यात बांधून ठेवली, आज चांगले मोड आलेत. तांदूळ सरकारकडून येतो, पण डाळ, कडधान्य, तेल, भाजी, इंधन ह्या सगळ्याला मिळून मे २०२५ पासून प्राथमिकच्या एका लेकरामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, एवढ्यात बाहेर कटिंग चहा तरी येतो का सांगा. आणि ही मावशी जी सकाळपासून धुरात उभी आहे, तांदूळ निवडते, वाढते, भांडी घासते, तिचं मानधन महिन्याला २५०० रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं होतं, खात नसेल त्याला केळी, लेकरं त्या वाराची वाट बघायची. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले. ज्या पट्ट्यात घरी दूधसुद्धा डेअरीला जातं तिथं अंडं बंद करणं आम्हाला तरी पटलेलं नाही.

घरच्या डब्यांचंही ह्याच्यापेक्षा वेगळं नाही. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत येतात, तिथं केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोनं मिळायचं. २०२३ पासून धान्य बंद, त्याऐवजी खात्यात माणशी १५० रुपये, नंतर १७० केले. एवढ्यात पाच किलो बरा गहू येतो का ते तुम्हीच दुकानात विचारून बघा. बाकीच्यांचं रेशन आता कुठंही उचलता येतं, थोडं तिकडं आईबापानं आणि राहिलेलं इकडं आज्जीनं, नियमात हे बसतं. पण तोडणीवाला पहाटे फडात जातो ते गाडी भरूनच कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, येतो, दुकान उघडं असतं तेव्हा तो कुठं असतो? आणि इकडं आज्जीचा अंगठा मशीनवर उमटत नाही.

मग ह्याला उपाय नाही का, तर आहे, आणि बीडमध्ये तो बरीच वर्षं चालूही आहे. हंगामी वसतिगृह. लेकरू आज्जी-आजोबांजवळ गावातच राहतं, दुपारी खिचडी असतेच, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीनं द्यायचं. इतकी साधी गोष्ट, पण त्याच्यामुळं आई पोरीला मागं ठेवायला तयार होते, कारण सत्तरीच्या सासूवर दोन नातवंडांच्या भाकरीचा भार टाकून जायला कोणाचाही जीव होत नाही.

आणि गरज पडली की नियम वाकतो हे आपण बघितलंय. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतपण शाळेचं जेवण चालू ठेवा. शाळा बंद, जेवण चालू.

हंगामी वसतिगृहाचं घोडं अडतं ते तारखेवर. कोण जाणार, कोणाचं लेकरू कोणाजवळ राहणार, ही यादी करायची, मग ती तालुक्याला जाणार, मग मंजुरी, मग पैसे. यादी दिवाळीनंतर केली तर मंजुरी येईपर्यंत अर्धी लेकरं कोपीवर पोचलेली असतात, तिथून त्यांना परत कोण आणणार. गावात उचल कोणी घेतली हे तर पोळ्यालाच सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा समितीनं नवरात्राच्या आत घरोघर फिरून नावं लिहावीत आणि मंजुरी यायच्या आधी किराणा कोण उधार देईल हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावं.