फौज परदेशात पाठवायची, मग संसदेला विचारायचं की नाही?

घोडबंदर रोडवरच्या या सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांच्या एन्ट्री करणारे हे काका रिटायर्ड फौजी आहेत. आणि ही त्यांची पत्र्याची पेटी, बघा, रंग उडालाय पण झाकणावरचा नंबर अजून वाचता येतो. आतला हा फोटो पलालीच्या धावपट्टीवरचा, श्रीलंकेत जाफन्याजवळ, म्हणजे काका तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेत होते.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच आपली विमानं जवानांना घेऊन तिकडे उतरायला लागली. लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची हत्यारं जमा करायला गेलेले जवान ऑक्टोबरात लिट्टेशीच लढत होते. मार्च १९९० मध्ये फौज परत आली, पण अकराशेपेक्षा जास्त जवान तिथेच मारले गेले.

आता या कॉलेजच्या युवा संसदेत या मुलीने जो प्रश्न विचारला तो ऐका. फौज पाठवायच्या आधी लोकसभेत मतदान घ्यावंच लागतं का? नाही. तेव्हाही नव्हतं लागत, आजही नाही. राज्यघटनेच्या कलम ५३ प्रमाणे सैन्याचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींकडे, ते चालणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधान आणि चार-पाच मंत्री एका खोलीत बसून ठरवतात. गंमत म्हणजे त्याच कलमात लिहिलंय की हा अधिकार कायद्याने नियंत्रित होईल, पण परदेशात फौज पाठवताना संसदेची मंजुरी घ्या असा कायदा काही कोणी केला नाही, कुठल्याच पक्षाने. जर्मनीत १९९४ च्या घटना न्यायालयाच्या निकालापासून संसदेचा होकार लागतो.

२००३ ला अमेरिकेला इराकमध्ये आपली फौज हवी होती. एप्रिलमध्ये लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय जवान पाठवणार नाही असं सांगितलं. म्हणजे सभागृह बोललं तर फरक पडतो ना!

यावर समोरच्या बाकावरचा हा मुलगा म्हणतो की १९८८ ला मालदीवमध्ये बंड झालं, त्याच रात्री आपले पॅराट्रूपर उतरले, तेव्हा अधिवेशन कुठून बोलावणार? मुद्दा बरोबर आहे. मग आधी पाठवा आणि महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्या, आणीबाणीसाठी कलम ३५२ मध्ये हीच मुदत आहे, आणि नाही मिळाली तर जवान परत आणा.