१२५ रुपये आणि कलम ७९

(दृश्य: जुना सायबर कॅफे. प्लायवूडचे कप्पे, भिंतीवरचा पंखा.)

हे पार्टिशन पाहा. बसलेल्या माणसाचं डोकं दिसू नये एवढं उंच, आणि पडद्यासाठी वर अजून दोरी आहे. या दुकानात आता झेरॉक्स आणि पॅन कार्डाची कामं होतात, पण मागचे दोन कप्पे मालकांनी मोडलेले नाहीत. २००४ साली कित्येकांचं इंटरनेट अशाच कप्प्यात होतं.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला, शनिवारी रात्री, बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर एक जाहिरात चढली. किंमत १२५ रुपये. विकणारा आयआयटी खरगपूरचा विद्यार्थी. विकत होता ती दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाइलवर काढलेली खासगी क्लिप. साइटवर होती फक्त जाहिरात. पैसे भरले की क्लिप विक्रेत्याकडून थेट ईमेलने यायची, बाझीच्या सर्व्हरवर ती कधी आलीच नाही. पुढची बारा वर्षं कोर्टात जी भांडाभांडी झाली, तिचं मूळ या एका गोष्टीत आहे.

त्याच रात्री कुणीतरी कंपनीला कळवलं होतं. जाहिरात उतरली सोमवारी सकाळी. मध्ये रविवार होता.

(दृश्य: मुंबई, ऑफिसांच्या इमारती, लिफ्टमधून बाहेर पडणारी गर्दी.)

बाझी ही मुंबईची कंपनी, नुकतीच ईबेने विकत घेतलेली. तिचे सीईओ अवनीश बजाज चौकशीसाठी दिल्लीला गेले आणि १७ डिसेंबरला त्यांनाच अटक झाली. चार दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. देशातल्या प्रत्येक वेबसाइटच्या मालकाने त्या आठवड्यात आपल्या वकिलाला फोन केला असेल. दुसऱ्याने चढवलेल्या मजकुरासाठी तुरुंगात जाता येतं, हे तोवर कुणी गांभीर्याने घेतलंच नव्हतं.

(दृश्य: वकिलांचं चेंबर. लाल फितीत बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यातून एक पान ओढणारा हात.)

कोर्टात कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे गठ्ठे. माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजे आयटी कायदा, आला २००० साली. त्यातलं कलम ७९ म्हणजे मधल्या माणसाचं संरक्षण: जो स्वतः लिहीत नाही, विकत नाही, फक्त जागा देतो, तो. पण मूळ कलमाची मेख अशी की, ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करायचं साइटनेच.

२००८ साली न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. दंड संहितेखालच्या आरोपांतून बजाज सुटले, आयटी कायद्याचा खटला मात्र उरला. जाहिरातीतले शब्दच इतके उघड होते की ते पकडणारी चाळणी साइटवर नसेल, तर आत काय आहे हे तिला ठाऊक होतं असं धरलं जाण्याचा धोका तिने स्वतःच पत्करला, असं न्यायालयाचं म्हणणं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उरलेला खटलाही रद्द केला. कारण ऐका: आरोपींच्या यादीत कंपनीचं नावच नव्हतं! संचालकाला पकडलं, कंपनीला विसरले. आणि २०१६च्या डिसेंबरमध्ये, बाझीमध्ये सुरक्षेचं काम पाहणाऱ्या व्यवस्थापकाच्या खटल्यात, इलेक्ट्रॉनिक अश्लीलतेला आयटी कायदाच लागेल, दंड संहितेचं जुनं कलम २९२ नाही, असा निकाल आला.

बारा वर्षं गेली. त्या दोन मुलांबद्दल या पानांत फारसं काही सापडत नाही.

(दृश्य: पालघर स्टेशन, सकाळची लोकल.)

दरम्यान कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं, २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. आता साइटला संरक्षण आधी, जबाबदारी नंतर: बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळूनही तो हटवला नाही, तर संरक्षण गेलं. मग माहिती मिळाली असं कधी म्हणायचं? कुणाही माणसाचा एक ईमेल पुरतो का?

उत्तराचा रस्ता या स्टेशनावरून गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्या संतापातून कायद्याची विद्यार्थिनी श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द केलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच निकालात कलम ७९चाही अर्थ लावला गेला: ‘प्रत्यक्ष माहिती’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना. साइटने प्रत्येक तक्रारदाराचा न्यायाधीश होऊ नये, हा त्यामागचा विचार. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी उत्तम. पण जिचा फोटो चढलाय, तिने आधी कोर्टाची पायरी चढायची?

(दृश्य: गल्लीतल्या केबलवाल्याचं ऑफिस. राउटरचे हिरवे दिवे, वायरींचं जंजाळ.)

या खोलीतून आसपासच्या घरांना इंटरनेट जातं. साइट बंद करायची म्हणजे अशा खोल्यांमधून आणि मोठ्या कंपन्यांमधून तिचा पत्ता अडवायचा. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने अश्लील म्हणून ८५७ साइट अडवण्याचा आदेश काढला. यादी आली होती इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांच्या जनहित याचिकेतून. त्यात विनोदी मजकुराच्या साइटही होत्या. ओरड झाली आणि ४ ऑगस्टला सरकार मागे आलं: लहान मुलांचा अश्लील मजकूर नसेल, तर साइट चालू ठेवायला हरकत नाही. आता तो आहे की नाही हे तपासायचं कुणी? या राउटरवाल्याने?

तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, डेहराडूनच्या एका शाळेतल्या बलात्काराच्या प्रकरणानंतर उत्तराखंड उच्च न्यायालयाने पुन्हा त्याच ८५७चं फर्मान काढलं. या वेळी माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने यादी तपासली. ३० साइटवर अश्लील असं काहीच नव्हतं. उरल्या ८२७.

आणि २०१५चा आदेश कुठल्या कलमाखाली होता? कलम ७९, पोटकलम ३(ब). संरक्षण कधी जातं, एवढंच सांगणारा हा तुकडा. साइट अडवण्याचा खरा अधिकार कलम ६९अ मध्ये आहे, पण तिथे दिलेल्या कारणांत देशाची सुरक्षा आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, अश्लीलता नाही. ढालीची तलवार केली, असं आम्हाला वाटतं. कर्नाटक उच्च न्यायालयाला तसं वाटत नाही, हेही सांगायला हवं: ७९(३)(ब)च्या अशाच वापराला आव्हान देणारी एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीची याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे फेटाळली गेली.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन. पांढरं पान, वर दोन ओळी.)

‘दूरसंचार विभागाच्या निर्देशांनुसार हा पत्ता रोखला आहे. अधिक माहितीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’ हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण, कुठे बसतो, पानावर लिहिलेलं नाही. मोठ्या साइटने पत्त्याचं शेपूट बदललं, डॉट कॉमचं डॉट नेट केलं, आणि ती पुन्हा उघडली. पाहणाऱ्याचं म्हणाल, तर प्रौढाने अश्लील व्हिडिओ एकांतात पाहणं हा गुन्हा नाही, केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, कलम ६७अ खाली पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत कैद. आणि लहान मुलांचा अश्लील मजकूर नुसता जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा ठरू शकतं, साइटनेही तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असं सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

(दृश्य: लॅपटॉप. ओढणीने चेहरा झाकलेली तरुणी, आम्हाला फक्त तिचे हात दिसतात. शेजारी एक कार्यकर्ती.)

लिंक कॉपी, पेस्ट. पुढची लिंक. स्क्रीनशॉट, त्यात तारीख आणि वेळ दिसायला हवी. पुन्हा लिंक. नुसतं साइटचं नाव देऊन भागत नाही, नेमका पत्ता लागतो. उतरलेला व्हिडिओ दुसऱ्या नावाने चढला की पत्ता नवा आणि अर्जही नवा. कार्यकर्ती वहीत आकडे टाकत जाते, कुठली लिंक कधी पाठवली त्याचे.

आयटी कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनी एक चांगली गोष्ट केली. नग्न किंवा लैंगिक कृत्याचा मजकूर असेल, अगदी चेहरा चिकटवून बनवलेला असला तरी, पीडितेच्या स्वतःच्या तक्रारीवर तो हटवायचा, तेव्हा २४ तासांत, फेब्रुवारी २०२६ पासून दोन तासांत. कोर्टाचा आदेश लागत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे साधे फोटो अश्लील साइटवर गेलेल्या एका महिलेच्या याचिकेत, सर्च इंजिनांना ती पानं जगभरच्या निकालांतून काढायला सांगितलं. साइट परदेशात असली, तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता नसला, तरी लोकांना तिथवर नेणारी वाट तोडता येते, ही त्यातली खरी शहाणी गोष्ट.

पैशाची वाटही तुटते. डिसेंबर २०२० मध्ये मास्टरकार्ड आणि व्हिसाने पॉर्नहब या अश्लील साइटचे व्यवहार थांबवले. काही दिवसांत साइटने ओळख न पटवलेल्या खात्यांचे लाखो व्हिडिओ उतरवले. आपल्या ८२७च्या यादीने एका तरी मुलीचा व्हिडिओ मुळातून उतरला का, हे आदेश काढणाऱ्यांना विचारायला हवं.

(दृश्य: राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. कर्सर दोन पर्यायांमध्ये.)

महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी इथे दोन पर्याय आहेत. नाव आणि मोबाइल नंबर देऊन तक्रार केली, तर तिचं पुढे काय झालं ते पाहता येतं. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचा माग काढता येत नाही. कार्यकर्ती विचारते, “कुठलं दाबू गं?” आणि जरा थांबून सांगते, “नंबर तुझाच लागेल, घरातल्या कुणाचा देऊ नकोस, त्यावर ओटीपी येतो.”