दार उघडण्याआधीचं गाणं

(दृश्य: पहाटेआधीचा काळोख. एका घराच्या ओट्यावर चपलांची रास. आतून पेटीचा सूर.)

हे मयताचं घर आहे. माणूस संध्याकाळी गेला. माती उद्या सकाळी आहे.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्तीत अशा रात्री कुणी झोपत नाही. कुणी पेटी आणतं, कुणी ढोलकी, कुणी टाळ. गाण्यांचं पुस्तक दोघातिघांच्याच हातात असतं, बाकीच्यांना गाणी पाठ असतात. मध्येच रडणं उसळतं, कडवं तुटतं. मग मागे बसलेल्या बायका ते उचलून धरतात आणि गाणं पुढे सरकतं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे कळत नाही. समोर मयत आहे आणि इथे देवाची स्तुती चाललीय, ती कशासाठी? लहानपणापासून अशा रात्री मी पाहिल्या, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता. माझे वडील गेले त्या रात्री पडला. सगळे गात होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

त्या प्रश्नाचा माग घेत मी जिथे जिथे गेलो, ते आता तुमच्यासमोर मांडतो.

(दृश्य: डोंगराच्या पायथ्याशी विखुरलेले दगडी खांब. जुन्या रस्त्याच्या झिजलेल्या फरशा.)

हे फिलिप्पै. उत्तर ग्रीसमध्ये, कावाला शहराजवळ. इथून रोमन साम्राज्याचा हमरस्ता जायचा. २०१६ साली हे अवशेष जागतिक वारशाच्या यादीत गेले. येशूचा प्रेषित पौल याचा तुरुंग म्हणून इथे एक दगडी कोठडी दाखवतात. मुळात ती पाण्याची टाकी असावी, असं अभ्यासक म्हणतात. ती कोठडी हीच की दुसरी, यावर मला वाद घालायचा नाही. मी आलो ते एका रात्रीसाठी.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ती रात्र आहे. या गावात एक दासी होती. तिच्या अंगात यायचं, ती भविष्य सांगायची आणि पैसे मालकांच्या खिशात जायचे. पौलाने तिला त्यातून सोडवलं. मालकांची कमाई बुडाली. त्यांनी पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला धरून चौकात ओढत नेलं. तिथल्या न्यायाधीशांच्या हुकुमावरून अंगावरचे कपडे फाडून दोघांना छड्यांनी मारलं गेलं, आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांना अगदी आतल्या कोठडीत कोंडून त्यांचे पाय लाकडी खोड्यात अडकवले.

मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते आणि गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते.

भूकंप त्यानंतर झाला. पाया हादरला, दारं उघडली, सगळ्यांच्या बेड्या गळून पडल्या. पण गाणं सुरू झालं तेव्हा दार बंदच होतं आणि पाठीवरच्या जखमा ओल्या होत्या. थोड्या वेळात भूकंप होणार आहे, हे त्या दोघांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

आपल्या सभांमध्ये साक्ष देताना माणसं बहुधा भूकंपाचं सांगतात. आजार गेला, नोकरी लागली, कज्जा मिटला. त्या साक्षींवर माझा विश्वास आहे आणि देवाचे उपकार मानलेच पाहिजेत. पण ज्याच्या घरी भूकंप झालाच नाही, त्याने काय गावं? माझे वडील बरे झाले नाहीत. आम्ही चाळीस दिवस प्रार्थना केली होती. अध्यायातल्या त्या मध्यरात्रीने मला त्या दिवसांत धरून ठेवलं. देवाने काय दिलं याचा हिशोब मांडून ते दोघे गात नव्हते. देव आहे आणि तो आपला आहे, एवढंच त्यांच्यापाशी होतं. तेवढ्यावर ते गायले.

पुढची गोष्ट तुरुंगाच्या त्या अधिकाऱ्याची. दारं उघडी पाहून कैदी पळाले असं त्याला वाटलं. त्याने तलवार उपसली आणि तो स्वतःचा जीव घेणार, तेवढ्यात अंधारातून पौलाचा आवाज आला, आम्ही सगळे इथेच आहोत. दिवे मागवून तो आत धावला, थरथरत त्यांच्या पाया पडला आणि त्याने विचारलं, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर अगदी थोडक्यात मिळालं. प्रभू येशूवर विश्वास ठेव.

त्याच रात्री त्याने आपल्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याने त्यांना जेवू घातलं. खोड्यात पाय अडकवणारा माणूस पहाट व्हायच्या आत जेवण वाढतो आहे. या अध्यायातला भूकंपापेक्षा मोठा चमत्कार मला हाच वाटतो.

(दृश्य: बाजारपेठेतला फलक, 'सोनेतारण कर्ज'.)

तारण. आपल्याकडे पतसंस्थांच्या पाट्यांवर हा शब्द रोज दिसतो. घरात अडचण आली की दागिना तारण ठेवायचा. आपल्यासाठी काहीतरी मोलाचं दुसऱ्याच्या ताब्यात जातं आणि आपली नड भागते. याच शब्दाचा दुसरा अर्थ पाण्याचा आहे. तारणं म्हणजे बुडू न देणं, पैलतीरी नेणं. जहाजाला तारू म्हणतात ते त्यामुळेच.

मराठी बायबल वाचणाऱ्याच्या कानात हे दोन्ही अर्थ एकदम वाजतात. वधस्तंभाचा अर्थ सांगायला मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही. माझ्यासाठी कुणीतरी स्वतःलाच तारण ठेवलं, आणि मी बुडालो नाही.

विश्वास या शब्दात तर श्वास आहे. मोकळा श्वास घेणं, भीती सरणं, हा त्याच्या मुळातला अर्थ. छातीवरचं दडपण उतरलं की माणूस दीर्घ श्वास घेतो. गायलाही तोच लागतो.

(दृश्य: जुनी छापील पानं, मग राचोलची सेमिनरी.)

या भाषेत ख्रिस्ताची स्तुती चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली राचोल इथे छापलं गेलं. ओवी मुळात जात्यावरची, घरातली. तिच्यातून ख्रिस्त घरात आला.

(दृश्य: धावती आगगाडी.)

आता येतो तो माणूस, ज्याची गाणी आज त्या ओट्यामागच्या घरात चालली आहेत.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. कोकणात जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित, कवी. 'केवढे हे क्रौर्य' शाळेत शिकलेल्याला त्यांचं नाव सांगायला नको. डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने आदराने जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि निघताना बायबलचा नवा करार हातात ठेवला. टिळकांनी वाचेन असा शब्द दिला आणि पाळला. त्यातल्या मत्तयाच्या पुस्तकातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन आलं आणि त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि मुलाला, लहानग्या दत्तूला, घेऊन काही काळ पंढरपुरात राहिल्या.

टिळक अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, आले. त्यांच्याआधी इथे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होती. तरी उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंही पुष्कळ असत. शब्द मराठी आणि ठेका परका, की जीभ अडखळते. टिळकांनी अभंग घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत, आणि तो पूल त्यांनी कधी मोडला नाही. शेवटच्या ओळीत 'दास म्हणे' अशी मुद्रा घालून ते ख्रिस्ताशी बोलू लागले. वारकरी विठ्ठलाशी जसं रुसतो, भांडतो, लडिवाळपणा करतो, तसं.

खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतली बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली, अक्षरओळख नसलेली. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी मिळत नव्हतं, त्यांच्या तोंडी हे अभंग बसले. एकतारी, टाळ आणि आपली चाल, एवढ्यावर देवाशी बोलता येऊ लागलं.

पण ही गोष्ट मला टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईंची वाटते.

त्या नवऱ्याकडे परत आल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. एके दिवशी त्यांच्या मनाने प्रश्न धरला, की माणसांच्या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर जनावरांत जशी ओळखू येणारी खूण दिसते, तशी माणसांत दिसली असती. उत्तर मिळालं त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांनी सुरुवात केली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. शिकलेल्या पंडिताला पुस्तकाने हलवलं आणि जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला पाण्याच्या तांब्याने. दोन्ही मला सारखेच पवित्र वाटतात.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे निघालेला कुणीही तिथे चालणार होता. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलेलं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं.

ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. चौसष्ट अध्याय. दोघांच्या संसारात ज्या ख्रिस्तामुळे इतकी वर्षं फूट पडली होती, त्याचीच ओवी वैधव्यात, म्हातारपणी, त्या रचत बसल्या. मला त्या मध्यरात्रीच्या कोठडीत, पौलाच्या शेजारी बसलेल्या दिसतात.

(दृश्य: पुन्हा तेच घर. उजाडतंय. ओट्यावर उन्हाची तिरीप.)

माझ्या वडिलांच्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला शेजारच्या मावशींनी टिळकांचा एक अभंग सुरू केला. मावशींचा मुलगा वर्षभरापूर्वी गेला होता. त्या उंच, जरा फाटलेल्या आवाजात गात होत्या, डोळे मिटून. ध्रुवपद आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवली.

मी गायलो. सूर बरोबर नव्हता.

चर्चचे पाळक आले. पेटीवाल्याने भाता मिटला. चौघांनी शवपेटी खांद्यावर घेतली आणि वस्तीतली सगळी माणसं गात गात कब्रस्तानाच्या रस्त्याला लागली.