खातं तिचं, नंबर कुणाचा?

मंडळी, बँक नाही म्हणून कोल्हापुरात कुणाचं अडलंय, असं म्हणायची सोय नाही. जिल्हा बँक आहे, नागरी बँका आहेत, गल्लोगल्ली पतसंस्था, गावोगावी सेवा सोसायटी आणि दूध संस्था, वर भिशी आहेच. तरी मी आज मोबाइलवरच्या पैशाबद्दल बोलायला उभी आहे, कारण इतक्या संस्थांच्या गराड्यात घरातली बाई बाहेरच राहिली आणि आता फोनवरच्या व्यवहारातही ती बाहेर राहील अशी मला धास्ती वाटते.

केनियाचं उदाहरण आधी सांगते. मार्च 2007 मध्ये तिथं सफारीकॉम कंपनीनं एम-पेसा सुरू केलं. बँक खातं नसलेल्या पुष्कळ लोकांकडं साधा बटणांचा फोन होता. नैरोबीत राबणारा माणूस गल्लीतल्या दुकानदाराकडं रोख द्यायचा, रक्कम त्याच्या फोनवर जमा व्हायची, तिथून गावी आईच्या किंवा बायकोच्या फोनवर जायची आणि तिथल्या दुकानातून ती रोख घ्यायची. इंटरनेट लागत नव्हतं. टवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. आजारपण आलं, पीक बुडालं, तर एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी घटायचा. एम-पेसावाल्यांचा तसा घटला नाही, कारण अडीनडीला लांबच्या नातलगांचे पैसे लगेच पोचत होते. 2016 साली त्यांनी अंदाज मांडला, की यामुळं 1,94,000 कुटुंबं गरिबीतून वर आली. बाई कर्ती असलेल्या घरांत हा फरक जास्त दिसला. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की पैसा तिच्या स्वतःच्या फोनवर येत होता.

आपल्याकडं ऑगस्ट 2014 मध्ये जनधन आली, 2016 साली यूपीआय आलं. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार 2011 मध्ये भारतातल्या 35 टक्के प्रौढांचं खातं होतं. 2021 पर्यंत ते 78 टक्क्यांवर गेलं, आणि बायका-पुरुषांमधलं अंतरही मिटलं. काम मोठंच झालं. पण त्याच पाहणीत खातेदारांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांच्या खात्यावर वर्षभरात एकही व्यवहार नव्हता.

आता कपिलतीर्थ मार्केटात चला. मेथीच्या पेंड्या मांडून मावशी बसलेल्या असतात, पुढं क्यूआरचा बोर्ड आणि शेजारी बोलका डबा. गिऱ्हाईक स्कॅन करतं, डबा ओरडतो, “वीस रुपये प्राप्त झाले.” मावशी मान हलवतात आणि पेंडी देतात. बोर्ड कुणाच्या नावावर, असं विचारा. पुष्कळ ठिकाणी उत्तर येतं, “पोराच्या.” पोरगं वाईट नसतं. कागदपत्रं त्याची तयार होती, स्मार्टफोन त्याच्याकडं होता, म्हणून त्यानं आपल्या नावावर काढून दिला. पण पूर्वी दिवसभराचा गल्ला मावशींच्या कनवटीला असायचा. त्यातूनच दुसऱ्या दिवशी पहाटेचा माल उचलायचा, त्यातूनच नातीला वही घ्यायची. आज अर्धा गल्ला पोराच्या खात्यात जातो आणि पहाटेच्या मालासाठी मावशींना त्याच्याकडं मागावं लागतं. कमाई तेवढीच राहिली, हात बदलला. जुन्या रोखीच्या व्यवहारात बाईकडं जे होतं, तेच नव्यात गेलं. याला आर्थिक समावेशन, म्हणजे सगळ्यांना बँकेच्या व्यवहारात सामावून घेणं, कसं म्हणायचं?

लाडकी बहीणच्या वेळी हेच दुसऱ्या बाजूनं दिसलं. सरकारी अनुदान जातं ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर. कितीतरी बायकांचे दीड हजार त्यांनी अर्जात लिहिलेल्या बँकेत आलेच नाहीत. कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात जाऊन बसले. मेसेज गेला तो नवऱ्याच्या नंबरवर, नाहीतर बंद पडलेल्या सिमवर. मग बँकेच्या वतीनं गावात पैसे देणाऱ्या बँकमित्राकडं रांग. ऊस तोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या. अंगठा यंत्रावर उठत नाही. पदरानं पुसून पुन्हा ठेवायचा, मग दुसरं बोट, मग “उद्या या, आज सर्व्हर नाही.” गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगराळ वाड्यांत रेंजसाठी चढण चढायला लागते, ते वेगळंच.

उत्तर मध्य प्रदेशात रोजगार हमीच्या मजुरीवर एक मोठा अभ्यास झाला. बायकांना नुसतं खातं उघडून देऊन फारसं घडलं नाही. मजुरी थेट त्यांच्या खात्यावर आली आणि खातं कसं वापरायचं हे शिकवलं, तेव्हा त्या घराबाहेरच्या कामाला जास्त निघू लागल्या.

म्हणून बचत गटातल्या ताईंना माझी विनंती आहे. बाजारात एकेका बोर्डाची चौकशी करा. तिचं खातं, त्याला जोडलेला तिचाच नंबर, त्यावर नवा क्यूआर. बोलक्या डब्याला तिचा स्मार्टफोन लागत नाही आणि साध्या फोनवरूनही मार्च 2022 पासून यूपीआय करता येतं. पिन कुणाला सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर लगेच 1930 ला फोन करायचा, एवढं तिच्याकडून पाठ करून घ्या.

आणि इथं बसलेल्या दूध संस्थांच्या सचिवांना सांगते. धार ती काढते, शेण ती काढते, वैरण ती आणते. सभासद मात्र तो, आणि दर दहा दिवसांचं बिल त्याच्या खात्यावर. सप्टेंबरअखेरपर्यंत तुमची वार्षिक सभा होईल. बिल तिच्या नावावर करण्याचा विषय अजेंड्यावर घ्या आणि सभेआधी घरोघरी तिचा अर्ज भरून घ्या.